वाड्यावरच्या गटाराच्या दुरुस्तीसाठी निधी मिळवताना : माझा अनुभव

नवीन काम मंजूर करून घेणं सोपं, जुनं दुरुस्त करून घेणं महाकठीण, हे पंच म्हणजे ग्रामपंचायतीची सदस्य म्हणून निवडून आल्यावर लगेचच कळलं. नवीन कामाला नारळ फुटतो, फलक लागतो, फोटो येतो. दुरुस्तीला कोण नारळ फोडणार?

आमचा गाव गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांच्या वेशीवरचा. माझ्या वॉर्डात वरच्या वाड्यावरून, म्हणजे वस्तीवरून, सांडपाण्याचं गटार खाली शोषखड्ड्यापर्यंत येतं. चिऱ्यांचं बांधकाम, आतून गिलावा. गिलावा कधीच सुटलेला, फणसाच्या मुळांनी मधले चिरे उचकटलेले. शोषखड्ड्याआधीचा गाळाचा चेंबर साबणाच्या चिकट थराने आणि शांपूच्या पुड्यांनी गच्च. पाणी मग वाट फुटेल तिकडे, म्हणजे एकाच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) आणि तिथून विहिरीच्या दिशेने. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा 'हर घर जल' प्रमाणपत्र मिळवणारं पहिलं राज्य ठरलं. नळ घरोघर आले, चांगलंच झालं. पण घरात आलेलं बरंचसं पाणी मोरीतून बाहेरच पडतं, आणि वाड्यावरचं गटार होतं तेवढंच राहिलं.

सरपंचांनी आधी स्वच्छ भारत अभियानाकडे बोट दाखवलं. ग्रामीण अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पैसे होते खरे: ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत, त्यातले ७० टक्के अभियानाचे आणि ३० टक्के वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या, अनुदानातले. पण त्याचा भर नवीन कामांवर. बांधलेलं सांभाळायचं ते पंचायतीने. म्हणून मी पंधराव्या वित्त आयोगाचा हिशेब काढायला सांगितला. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातला ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा. निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, पावसाचं पाणी साठवण्यासाठी आणि पुनर्वापरासाठी. सगळ्यांचा डोळा उरलेल्या ४० टक्के अबंधितावर, कारण त्यातून रस्ता होतो, पायवाट होते. बंधितातली रक्कम आमच्याकडे पडूनच होती. पैसे नाहीत म्हणून नव्हे, कुणी मागितले नाहीत म्हणून.

घोडं अडलं ते आराखड्यात. ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसलेलं काम ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन प्रणालीवर चढत नाही, आणि तिथे चढलं नाही तर खर्च टाकता येत नाही. आपल्याकडे ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या रविवारी. ऑक्टोबरची गाठली. तिथे एक काका उठले, "बाय, आधी रस्त्याचे खड्डे बघ, गटाराचं मागाहून." त्यांना उत्तर मी दिलंच नाही, कुळागरवाल्या वहिनींनी दिलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. ठराव मात्र झाला.

खरी दमछाक अंदाजपत्रकात झाली. तालुक्याच्या कार्यालयातून फाइल परत आली. शेरा असा की हे पावसाच्या पाण्याचं गटार दिसतं, स्वच्छतेच्या निधीतून कसं द्यायचं? शंका अगदीच चुकीची नव्हती, गोव्यात पाऊस सगळ्याच गटारांत शिरतो. मग मी आणि सचिव मॅडम घरोघर फिरलो. कुठल्या घराची मोरी, कुठल्या घराची न्हाणी गटाराला जोडलेली आहे याची यादी केली, प्रत्येक जोडणीचा फोटो काढला, सर्व्हे नकाशावर रेघ मारली. कनिष्ठ अभियंत्यांनी पागोळ्यांचं पाणी वेगळ्या बाजूने व्हाळाकडे (ओढ्याकडे) काढून दिलं. त्यानंतर तो शेरा आला नाही.

याच फेरीत न विचारलेलंही दिसलं. दोन घरांच्या सेप्टिक टाकीची ओसंडणारी पाइप सरळ गटारात. मोरीचं पाणी शोषखड्डा पचवतो, संडासाचं पाणी त्यात घातलं तर विहिरीचं काही खरं नाही. नोटीस काढा, असं एकदोघांनी सुचवलं. मी संध्याकाळी दोन्ही घरी जाऊन चहा घेतला आणि अंदाजपत्रक दाखवलं: ही पाइप राहिली तर काम नामंजूर, आणि वाडा तुम्हालाच विचारणार. एकाने टाकी उपसून घेतली आणि स्वतःचा वेगळा खड्डा मारला. दुसऱ्याने चतुर्थीपर्यंत मुदत मागितली आणि पाळली, हेही सांगायला हवं.

शोषखड्डा खासगी जमिनीत. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर तीन नावं, त्यातला एक भाऊ मुंबईला. त्याच्या सहीचं संमतीपत्र येईपर्यंत तांत्रिक मंजुरी लटकून राहिली. अशी कामं मनात असतील त्यांनी जमिनीचा कागद सगळ्यात आधी हातात घ्यावा. अंदाजपत्रक थांबू शकतं, भावंडं एका जागी सापडत नाहीत.

निविदा, कार्यादेश ठीक झालं. कंत्राटदाराला ऐन पावसात हात लावू दिला नाही, कारण तेव्हा जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की खणलेला खड्डा आपोआप भरतो. काम दिवाळीनंतर धरलं. चेंबर मोठा केला, वर उचलता येईल असं झाकण घातलं, मुळांच्या पट्ट्यात चिऱ्यांऐवजी पाइप टाकली. मोजमाप पुस्तिकेवर सही होण्याआधी मी स्वतः बादलीभर पाणी वरच्या टोकाला ओतून खाली उभी राहिले. अभियंते हसले. हसू देत.

बिलाचे पैसे पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून जातात, त्याला सरपंच आणि सचिव दोघांची डिजिटल सही लागते. नेमकी एकाची मुदत संपलेली, त्यात आणखी काही दिवस गेले.

आता चेंबरचा गाळ वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि शिमग्याआधी, काढायचा खर्च पुढच्या आराखड्यात बंधित निधीतच घातला आहे. रक्कम लहान आहे म्हणून कुणी हरकत घेतली नाही. खालच्या वाड्याच्या गटाराचा उतारा मात्र मी आधीच मागवून ठेवलाय. त्यावर पाच नावं आहेत.