कपाळावरचा डाग

कपाळावरचा तपकिरी डाग आणि छातीवरचे दोन, एवढेच काढायचे, असं काम आलं होतं. प्लास्टरचं लहान मुलाचं मस्तक, उंची ४२ सेंटिमीटर, ऑस्टिनच्या आसपासच्या एका घरातलं. घरात ते एलिझाबेट नाय यांचं म्हणून ओळखलं जातं. म्युनिकच्या अकादमीत शिल्पकला शिकलेली पहिली स्त्री, पुढे बर्लिनला शिल्पकार राउखची विद्यार्थिनी, १८५९ मध्ये तत्त्वज्ञ शोपेनहाउअरचं मस्तक करणारी, १८७१ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत आलेली आणि १८९२ पासून ऑस्टिनच्या हाइड पार्कमध्ये स्वतःच्या स्टुडिओत काम करणारी. टेक्ससमध्ये जुन्या घरातली पांढरी मूर्ती दिसली की सगळ्यांना याच बाई आठवतात, त्यामुळे नावाकडे मी जरा दुर्लक्षच करते.

मालकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हे म्हणे नायबाईंनी स्वतःच्या गेलेल्या मुलाच्या आठवणीत केलेलं. त्यांचा आर्थर १८७३ मध्ये गेला, दोन वर्षांचा असताना. समोरचं पोर मात्र निदान सहा वर्षांचं: हनुवटी सुटी झालेली, मान लांब. बाईने लहान मूल घडवलं की त्यात आईचं दुःखच शोधायचं, ही खोड काही जात नाही. पुरुष शिल्पकाराने पोराचं मस्तक केलं तर ‘कुणी करायला सांगितलं, किती पैसे दिले’ असं विचारतात.

तर डाग. लोहचुंबक नेला, तो तिन्ही ठिकाणी चिकटला. म्हणजे आत खिळे. एक कपाळावर केसांच्या कडेला, दोन खाली छातीच्या दोन टोकांना. त्रिकोण पाहिला आणि हात थांबला. ही पॉइंटिंग मशीन, म्हणजे प्लास्टरवरची मापं दगडात उतरवायचं यंत्र, टांगायची जागा. पितळी चौकट या तीन बिंदूंवर बसते, चौकटीवरची सुई प्लास्टरला टेकवून तिची खोली पक्की करतात, मग तीच चौकट संगमरवराच्या ठोकळ्यावरच्या तशाच तीन बिंदूंवर टांगून सुई अडेपर्यंत दगड काढतात. नाक, पापणी अशा ठिकाणी कडा हाताशी असते, चूक लगेच दिसते. मुलाच्या गालाला कडाच नसते. तिथे बिंदू दाट घ्यावे लागतात. अर्धा मिलिमीटर जास्त गेला तर पोर आजारी दिसायला लागतं. शिवाय अशा मूर्तींत डोळ्याला बाहुली कोरत नाहीत, म्हणजे भाव सांभाळायला उरतात गाल आणि ओठ.

थोडक्यात, मालकांना जे घाण वाटत होतं, त्यावरूनच कळत होतं की ही दिवाणखान्यातली नक्कल नाही. संगमरवर कोरायला वापरलेला मूळ नमुना आहे.

मग बाकीचं तपासलं. अतिनील दिव्याखाली चेहरा सपाट, काळसर दिसला. जस्ताचा जुना पांढरा रंग हिरवट पिवळा चमकतो, हा चमकला नाही. क्ष-किरणांच्या हातयंत्राने टायटॅनियम दाखवलं. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला १९२० च्या सुमारास आणि बाई वारल्या १९०७ मध्ये. म्हणजे रंग नंतरच्या कुणीतरी फासलेला, आणि त्याआधी गाल पॉलिशपेपरने घासलेले. ज्याने केलं त्याने मनापासून केलं असणार, नुकसान तेवढ्याने कमी होत नाही.

पाण्याला हातही लावला नाही. पीओपीचे गणपती पाण्यात विरघळत नाहीत असं आपण दरवर्षी ऐकतो. ते गणपतीपुरतं ठीक. प्लास्टर म्हणजे जिप्सम, लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतोच. ओला बोळा चार वेळा फिरला की पापणीची कड गेली. स्पिरिटही टाळलं, कारण अशा नमुन्यांवर चपडा लाखेचा हात असतो आणि तो स्पिरिटने उठतो. घट्ट केलेल्या ॲसिटोनची जेल, दोन सेंटिमीटरचा चौकोन, वर फिल्म, चार मिनिटं. रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो, मग लाकडी काडीने उचलायचा.

उजव्या कानामागून सुरुवात केली. कानाच्या वळणात, काडीचं टोक जेमतेम जाईल अशा खोबणीत, निळी रेघ सापडली. मातीच्या मूर्तीवरून साचा काढताना पहिला पातळ थर नीळ घालून टाकतात, त्यावर पांढरा जाड. आत प्लास्टर ओतून झालं की साचा छिन्नीने फोडायचा, निळं दिसलं की हात हलका करायचा. असा साचा एकदाच वापरता येतो. म्हणजे मातीवरून निघालेली ही पहिलीच आणि एकटीच प्रत. पेणच्या रबरी साच्यांची सवय असलेल्याला हे ऐकून घाम फुटेल.

कानाच्या वर, केसांच्या बटेखाली, पेन्सिलीच्या बारीक फुल्या निघाल्या. सुईचे बिंदू. घासणाऱ्याचा हात तिथे पोचला नव्हता. संध्याकाळपर्यंत अकरा मोजल्या.

बारावी माझ्या हातून गेली. कानशिलावर रंग जाड होता, म्हणून जेल सहा मिनिटं ठेवली. साय उचलली आणि उलटी केली, तर फुली तिच्यावर. ग्रॅफाइटला ॲसिटोन काही करत नाही, पण ते धरलेलं असतं नुसतं वरवर. रंग निघाला, तसं तेही निघालं. पुढच्या चौकोनापासून वेळ तीन मिनिटांवर आणली आणि उचलायच्या आधी भिंगाखाली कड तपासायला लागले. हे दुपारीच सुचायला हवं होतं.

ती साय दोन काचांमध्ये ठेवली आहे. फुली त्यावर आरशात दिसावी तशी. जागेचं माप कपाळाच्या खिळ्यापासून घेऊन नोंदवलंय: ६३ मिलिमीटर.

गाल मी अजून उघडलेले नाहीत. घासलेल्या पृष्ठभागावर फुल्या उरल्या असतील असं वाटत नाही, पण असल्या तर रंगालाच चिकटून येणार. खिळे तसेच ठेवायचे, गंजाला फक्त थोपवायचं, असं मालकांना लिहून कळवलं. काल उत्तर आलं: ठीक आहे, पण कपाळावरचा तरी जाईल का?