तुम्ही विचारलेत म्हणून : न्यू मेक्सिकोत राहायला यावे का?

अमेरिकेतल्याच न्यू जर्सी, ह्यूस्टन किंवा बे एरियातील (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील) मराठी कुटुंबांकडून मला एक प्रश्न वारंवार येतो. तिकडे घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेलेल्या असतात, काम घरून करता येत असते किंवा लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत नोकरीची संधी दिसत असते, आणि नकाशावर आमचे राज्य जवळजवळ कोरे असते. “इतकी जागा मोकळी पडली आहे, तर आम्ही तिकडे राहायला यावे का?” असे ते विचारतात. अवश्य या, असेच मी सांगते. मात्र ही जागा मोकळी का दिसते ते आधी समजून घ्या, असेही सांगते, कारण येथे घर कोठे घ्यावे, शेजाऱ्यांशी कसे वागावे आणि किती वर्षे टिकावे, हे सगळे त्यावरच ठरते.

न्यू मेक्सिकोचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख १५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे अधिकच आहे. महाराष्ट्रात २०११ साली ११ कोटींहून अधिक लोक राहत होते. येथे २०२० च्या जनगणनेत २१ लाख १७ हजार लोक मोजले गेले, आणि त्यांतील साडेपाच लाखांहून अधिक एकट्या अल्बुकर्की शहरात. पश्चिमेकडचा कॅट्रन परगणा पुणे जिल्ह्याहून मोठा आहे आणि तेथे जेमतेम साडेतीन हजार माणसे राहतात. याचे कारण पाणी. अल्बुकर्कीला वर्षभरात २२ ते २३ सेंटिमीटर पाऊस पडतो. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या माणदेशातही याच्या दुपटीच्या आसपास पडतो. त्यामुळे माणसे जिथे पाणी आहे तिथेच, रिओ ग्रान्दे आणि तिच्या उपनद्यांच्या काठाने, दाटीने राहिली, आणि बाकीची जमीन कोणी घेतली नाही म्हणून नव्हे, तर तिथे नवी वस्ती पोसता येत नाही म्हणून विरळ राहिली.

या काठांवरचे लोक फार जुने आहेत. प्वेब्लो या आदिवासी लोकांची गावे स्पॅनिश लोक येण्यापूर्वी कित्येक शतके येथे नांदत होती. आजही अशी १९ प्वेब्लो गावे धरून २३ आदिवासी राष्ट्रे या राज्यात आहेत. १५९८ साली स्पॅनिश वसाहतवाले आमच्या घरापासून जवळच, ओके ओविंगे या गावाशी येऊन थांबले आणि तेथील लोकांच्या श्रमावर त्यांनी पहिला पाट खोदला. १८४८ च्या तहाने हा प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला आणि १९१२ साली त्याला राज्याचा दर्जा मिळाला. हा इतिहास मी उगाच सांगत नाही. येथील पाण्याचा कायदाच काळाच्या क्रमावर उभा आहे: ज्याने आधी पाणी वापरायला सुरुवात केली त्याचा हक्क आधीचा, आणि टंचाई आली की सर्वांत नव्या हक्काचे पाणी सर्वांत आधी बंद होऊ शकते. तुम्ही कितीही पैसे देऊन घर घेतले, तरी या रांगेत तुमची जागा त्या घराबरोबर येणाऱ्या हक्काच्या तारखेवरून ठरते.

म्हणून घर पाहताना खोल्या मोजण्यापूर्वी पाणी कोठून येते ते विचारावे. नगरपालिकेचे आहे, गावाच्या सामाईक विहिरीचे आहे, अंगणातल्या बोअरचे आहे, की टाकीत भरून ट्रकने आणावे लागते? बोअर असेल तर तिची खोली किती आणि अलीकडे पाणी किती खाली गेले आहे? घरगुती बोअरला परवाना मिळतो, पण एका कुटुंबासाठी त्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी वर्षाला सुमारे १२ लाख लिटर असते, आणि त्या पाण्यावर शेती करता येत नाही. पाटाच्या पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा विकता येतो, त्यामुळे दारातून पाट वाहतो आहे म्हणजे त्यातले पाणी आपले आहे, असे मुळीच समजू नये. खरेदीखतात हक्काचा उल्लेख आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

पाटाला येथे असेकिया म्हणतात आणि उत्तर न्यू मेक्सिकोत अशा शेकडो असेकिया चालू आहेत. प्रत्येकीचे सभासद असतात, निवडलेले तीन पंच असतात आणि पाणी वाटून देणारा एक मायोर्दोमो असतो. माझे माहेर साक्री तालुक्यातले. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाटाचे पाणी वाटून घेण्याच्या जुन्या रीतीत, पाटकरी कोणाच्या वाफ्यात कधी पाणी सोडतो हे लहानपणी पाहिले असल्यामुळे, मायोर्दोमोचे काम मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. हंगामापूर्वी, मार्चच्या सुमारास, पाट साफ करण्याचा दिवस ठरतो. ज्याचा पाण्यात जितका वाटा, त्या मानाने त्याने माणसे द्यायची किंवा स्वतः उतरायचे. मायोर्दोमो हातातल्या काठीने अंतर मोजत पुढे जातो आणि प्रत्येकाला पाटाचा एक तुकडा नेमून देतो. खाली वर्षभराचा गाळ असतो, वाळुंजाची मुळे काठातून आत घुसलेली असतात, मागच्या वाऱ्यात उडून आलेली काटेरी झुडपे एकमेकांत अडकून बसलेली असतात, आणि हे सगळे फावड्याने काठावर फेकायचे असते. दुपारपर्यंत हाताला फोड येतात. माझ्या शेजारच्या तुकड्यावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ असतात. ते मुळे तोडतात, गाळ उचलतात आणि पाटाचा तळ हाताने चाचपून उतार बरोबर आहे ना, ते पाहतात. उतार बिघडला तर खालच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही, हे त्यांना कोणत्याही मापनयंत्राशिवाय कळते.

नव्याने आलेल्या लोकांशी खटके उडतात ते बहुधा याच पाटावरून. कोणी आपल्या हद्दीला कुंपण घालून पाटाकाठची वाट अडवतो. वास्तविक साफसफाईसाठी त्या वाटेने जाण्याचा हक्क असेकियाला असतो. कोणी पाटाचे पाणी पाळीशिवाय बागेकडे वळवतो, कोणी सफाईच्या दिवशी पैसे पाठवतो आणि स्वतः वर्षानुवर्षे तोंड दाखवत नाही. पैसे पाठवणे नियमात बसते, पण ज्यांच्याशी आपण पाणी वाटून घेतो त्यांना आपला चेहरा माहीत असावा, असे मला मनापासून वाटते. टंचाईच्या वर्षी कोणाला किती मिळावे हे पंच बसून ठरवतात, आणि तेव्हा ओळखीचा फार उपयोग होतो.

टंचाई आता नेहमीची झाली आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात अल्बुकर्कीजवळ रिओ ग्रान्देचे पात्र कोरडे पडले. तसे सुमारे ४० वर्षांत झाले नव्हते. त्याच वर्षी वनखात्याने नियंत्रित जाळणीसाठी लावलेल्या आगी वाऱ्याने हाताबाहेर गेल्या आणि राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा वणवा पेटला. ३ लाख ४१ हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि त्या डोंगरांतील कित्येक जुन्या असेकिया नंतरच्या पुरांच्या राखेने व गाळाने भरल्या. तरीही मी निराश नाही. अल्बुकर्की शहर पूर्वी पूर्णपणे भूजलावर जगत होते. २००८ च्या अखेरीपासून ते डोंगरांखालच्या सुमारे ४० किलोमीटरच्या बोगद्यांतून वळवलेले कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातले पाणीही पिऊ लागले, आणि दरडोई वापर १९९० च्या दशकाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आला. हिरवळी काढून लोकांनी खडी आणि देशी झुडपे लावली. तुम्हालाही लावावी लागतील.

रोजच्या जगण्याबद्दल थोडक्यात सांगते. आमचे गाव १,७०० मीटर उंचीवर आहे, पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते आणि डाळ कुकरशिवाय लवकर शिजत नाही. हवा इतकी कोरडी असते की पहिले काही आठवडे नाकातून रक्त येणे अनेकांना चुकत नाही, पण पापड एका दुपारी वाळतात आणि विदर्भात चालतो तसा पाण्याचा कूलर उन्हाळाभर पुरतो. माळावरचा सराटा येथेही आहे, म्हणून सायकलला जाड ट्यूब घालावी. जुलै ते सप्टेंबर पाऊस येतो, त्याला येथेही मान्सूनच म्हणतात. कोरड्या ओढ्यात तेव्हा कधीही उतरू नये, कारण डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखालीही येतो.

डॉक्टरांची टंचाई मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. नव्या रुग्णाला फॅमिली डॉक्टरकडे पहिली वेळ मिळायला अनेकदा काही महिने लागतात, आणि तज्ज्ञासाठी अल्बुकर्की गाठावी लागते, म्हणजे आमच्या गावाहून एका बाजूने दीडशे किलोमीटरच्या आसपास. यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली न्यू मेक्सिको विद्यापीठात ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला तो याच अडचणीतून: हेपटायटिस सीचे रुग्ण दुरून येऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी खेड्यांतील डॉक्टरांनाच व्हिडिओवरून तयार केले. ती पद्धत आता भारतासह अनेक देशांत वापरली जाते. तरीही ज्यांच्या घरात वृद्ध आईवडील किंवा सतत उपचार लागणारे मूल आहे, त्यांनी नोकरी स्वीकारण्यापूर्वी डॉक्टरची वेळ घेऊन ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी, केव्हा येऊन पाहावे याबद्दल. बहुतेक जण ऑक्टोबरात बलून फिएस्टासाठी, म्हणजे अल्बुकर्कीतल्या गरम हवेच्या फुग्यांच्या उत्सवासाठी येतात, नदीकाठची कॉटनवुडची झाडे पिवळी होऊ लागलेली असतात, बाजारात भाजलेल्या हिरव्या मिरचीचा वास अजून असतो, आणि त्या आठवड्यात कोणालाही येथे राहावेसे वाटते. तुम्ही मार्चअखेरीस या. तेव्हा वारा दिवस दिवस थांबत नाही, धुळीने डोळे चुरचुरतात, झाडांना पान नसते, पण पाटांची कामे चालू असतात आणि गावातली माणसे घराबाहेर भेटतात. जूनमध्ये, पाऊस सुरू होण्यापूर्वी, पुन्हा एकदा या आणि पसंत केलेल्या घराचा नळ व पाट दोन्ही उघडून पाहा. मुक्काम आमच्याकडेच करा. मायोर्दोमोंना मी आधी सांगून ठेवीन.