पेठ कुठली म्हणायची?

“पाव्हणं, पेठ कुठली म्हणायची?”

शेजारच्या काकांनी शेंग फोडता फोडता सहज विचारलं आणि मी खरं बोललो. माझी चूक म्हणाल तर एवढीच.

“मंगळवार.”

काकांच्या बोटांतली शेंग अर्धी फुटलेलीच राहिली. पुढच्या पायरीवरची दोन डोकी वळली. कोल्हापूरचं शाहू स्टेडियम, मार्चमधले दुपारचे चार, फुटबॉलची मॅच, शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील तालीम मंडळ, आणि मी बसलोय शिवाजी पेठेच्या माणसांत. ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पाटाकडील, म्हणजे पीटीएम, मंगळवार पेठेची. मुंबईत वानखेडेवर चेन्नईची जर्सी घालून बसलेला माणूससुद्धा माझ्यापेक्षा सुरक्षित असतो.

मी मंगळवार पेठेतलाच आहे हो, पण पुण्यातल्या. जुन्या बाजाराच्या मागे आमचं घर. आमच्याकडे पेठ हा शब्द कुरिअरवाल्याला पत्ता सांगताना लागतो, फार तर लग्नाच्या पत्रिकेवर. ‘पुण्यातली, पुण्यातली’ असं मी ओरडून सांगत होतो, पण नेमकी त्याच वेळी खाली हलगी सुरू झाली.

मी तिथे कसा पोचलो ते आधी सांगायला हवं.

बँकेच्या बदलीत मी दोन वर्षं कोलकात्यात काढली. मोहन बागान-ईस्ट बंगाल या तिथल्या दोन फुटबॉल क्लबांचा सामना एकदा सॉल्ट लेक स्टेडियमवर बघितला आणि तेव्हापासून भेटेल त्याला ती गोष्ट ऐकवायची खोड लागली. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. लीगमध्ये पहिल्यांदा समोरासमोर आले १९२५ साली, ईस्ट बंगालने १-० ने मारली. १९७५ च्या आयएफए शील्डच्या फायनलला त्यांनीच बागानला पाच गोल घातले, आणि त्या पाचांचा हिशेब आजही चहाच्या टपरीवर निघतो. १९९७ च्या फेडरेशन कप सेमीफायनलला सव्वा लाखावर माणूस जमला होता, बायचुंग भूतियाने हॅटट्रिक मारली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे आजोबा पूर्व बंगालातून आलेले, म्हणून घरदार ईस्ट बंगालचं. जिंकले की त्याच्याकडे हिल्सा मासा. शेजारच्या टेबलावरचा बागानवाला, त्याच्याकडे कोळंबी. मला दोघांनीही जेवायला बोलावलं आणि मी दोन्हीकडे जेवलो. कुणी काही म्हणालं नाही. मला बंगाली येत नव्हतं, आजोबा सांगलीचे, मला कोण कशाला बाजू विचारतो?

कोल्हापूरच्या माझ्या मित्राने हे पुराण पाचव्यांदा ऐकलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “ते ऱ्हाऊ दे. आमच्यात ये एकदा.”

गेलो. सकाळी सहाला पुण्याहून निघून साडेअकराला पोचलो. महामार्गाचं काम आणि डायव्हर्शन यांवर लिहायला बसलो तर मॅच राहून जाईल.

मित्राचं घर शिवाजी पेठेत, निवृत्ती चौकाच्या जवळ. जेवणाला तांबडा-पांढरा. मी तांबड्याची वाटी तोंडाला लावली आणि पुढची पाच मिनिटं काही बोललो नाही. वहिनींनी न विचारता पांढऱ्याची वाटी पुढे सरकवली. पुण्यात ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून लाल तेल ओतलेलं जे वाढतात त्याबद्दल माझं मत आधीच वाईट होतं, आता ते कायमचं झालं. तिखट लागलं तरी चव कळत होती, आणि तीच फसवणूक होती, कारण मी परत घेतला.

जेवताना मी सवयीने कोलकाता सुरू केलं. मित्राचे वडील, म्हणजे काका, शांतपणे ऐकत होते. सव्वा लाखाचा आकडा आला तसे ते म्हणाले, “आणि १६ ऑगस्ट १९८०? ईडन गार्डन्सला चेंगराचेंगरीत सोळा माणसं गेली. ते सांगतोस का रे लोकांना?”

मी ते कधी सांगत नव्हतो. हिल्सा-कोळंबीच्या गोष्टीत ते बसत नाही. सामना याच दोन क्लबांचा होता. गॅलरीत मारामारी जुंपली आणि पळापळीत माणसं तुडवली गेली. “आमच्याकडंबी दगड पडलेत,” काका म्हणाले. “पोलिसांच्या काठ्या बघितल्यात मी. उगंच लई भारी, लई भारी करून लिहू नकोस.” म्हणून हे इथे लिहिलंय.

मग मात्र त्यांची कळी खुलली. ही मंडळं ‘तालीम’ का म्हणवतात हे मला तोवर सुचलंच नव्हतं. या खरोखरच्या तालमी आहेत, लाल मातीच्या, जोर-बैठकांच्या. पेठेतलं पोरगं शाळेत कुठे जाईल ते बापाला ठाऊक नसायचं, पण तालमीत कुठल्या ते जन्माआधी ठरलेलं. त्या तालमीत गणपती बसतो, कित्येकींत मोहरमचे पंजेही बसतात, आणि तिथलीच पोरं संध्याकाळी फुटबॉल खेळतात. “बंगाल्यांचं आजा कुठनं आला त्यावर ठरतंय,” काका म्हणाले, “आमचं आजा कुठल्या मातीत लोळला त्यावर.” यावर मला काही उत्तर सुचलं नाही. हे मी नंतर दोन-तीन ठिकाणी माझं म्हणून खपवलंय, तेही कबूल करतो.

स्टेडियमला आम्ही चालत गेलो. वाटेत खासबाग मैदान लागतं, शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं, कुस्तीचं. चहूबाजूंनी उतरत गेलेली बैठक, मधोमध खोलगट आखाडा. मी आत डोकावायला थांबलो तर मित्र म्हणाला, “परत येताना बघ. उशीर झाला तर मातीवर बसायला मिळंल, गॅलरीत जागा नाही मिळायची.” परत येताना अंधार झाला होता. खासबाग राहिलंच.

बाहेर स्कूटरींचा नुसता खच. दोन्ही बाजूंची माणसं वेगवेगळ्या टोकांना वळत होती, कुणी कुणाला सांगत नव्हतं. गॅलरीच्या पायऱ्या उन्हाने तापलेल्या. सगळ्यांनी बुडाखाली वर्तमानपत्र घेतलेलं, मी सोडून. मित्र पाणी आणायला म्हणून गेला तो त्याला शाळेतले दोघं-तिघं भेटले आणि तिकडेच अडकला. मी एकटा. आणि तेव्हा तो प्रश्न आला.

तर, हलगी सुरू झाली. काकांनी (हे वेगळे काका, साठीचे, गळ्यात पंचा, शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बटणांचा मोबाईल) पुढच्या माणसाच्या कानात काही सांगितलं. त्याने त्याच्या पुढच्याला. मला बातमी पायऱ्या उतरताना दिसत होती. पहिल्या पायरीवर ती ‘मंगळवारातला आहे’ असेल. तिसऱ्या पायरीपर्यंत ‘पीटीएमचा माणूस हितं बसलाय’ झाली असावी, कारण तिथला एक दांडगा पोरगा उभा राहून हात कपाळावर धरून मला न्याहाळायला लागला. त्याच्या खाली दोघं उभे राहिले. त्या पोराने हातानेच विचारलं: काय?

हलगी जरा थांबली तेव्हा मी शेवटी ओरडलो, “पुण्याचा आहे मी! पुण्यातली मंगळवार पेठ!”

“तिथंबी आहे व्हय मंगळवार?” काका.

“आहे की. सोमवार, बुधवार, सगळ्या आहेत.”

“आणि टीम?”

“टीम नाही.”

“मग पेठ कशाला?”

याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. काकांनी दुरुस्ती पुढे पाठवली, “पुण्याचा हाय रे, पुण्याचा!” आणि ती उतरू लागली. मला वाटलं सुटलो. दांडग्या पोरापर्यंत पोचली तसा त्याने दोन्ही हात वर केले आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं म्हणाला, “त्यापरास मंगळवारातला परवडला की ओ!”

हसण्याची अशी लाट आली की मीही हसलो. हसत हसत डोळे पुसत होतो आणि बरोब्बर त्याच क्षणी मैदानात गोल झाला.

मी बघितला नाही. साडेपाच तास प्रवास करून, तांबडा रस्सा पचवून, एक गोल झाला आणि तो मी बघितला नाही. गॅलरीतल्या आमच्या पाच-पंचवीस जणांपैकी कुणीच धड बघितला नाही, कारण सगळे माझ्याकडे वळलेले. कुणी केला, कसा केला, ऑफसाइड होता का, यावर पुढची दहा मिनिटं वाद झाला आणि वाद घालणाऱ्यांत बघितलेला एकही नव्हता. मधूनमधून लोक माझ्याकडे असं बघत की जणू मीच पास दिला.

आणि त्याच गोंधळात मला तो मोबाईल दिसला. काकांनी खिशातून पिशवी काढली, पिशवीतून मोबाईल, चष्मा कपाळावर सरकवला. “मेव्हणा पलीकडं बसलाय,” समोरच्या गॅलरीकडे हनुवटीने दाखवत ते म्हणाले. बायकोचा भाऊ, राहायला मंगळवार पेठेत. दोघांत बरीच वर्षं एक पद्धत आहे: ज्याच्या बाजूने गोल, त्याने दुसऱ्याला मिस कॉल द्यायचा. उचलायचा नाही, बोलायचं नाही. बोललं की भांडण होतं, आणि दिवाळीला एकाच पंक्तीला बसायचं असतं.

“एकदा उचलला होता,” ते म्हणाले. “दोन वर्षं बहीण-भाऊ बोलले न्हाईत.” म्हणजे त्यांची बायको आणि तिचा भाऊ. फोन यांनी उचलला, अबोला त्या दोघांत.

समोरच्या गॅलरीत नीट दिसत काही नव्हतं, ऊन थेट डोळ्यांवर. तरी काका मधूनमधून तिकडे बघत राहायचे, एका ठरावीक कोपऱ्याकडे. मॅचपेक्षा मीही तिकडेच जास्त बघितलं. त्या गोलाला मिस कॉल गेला की आला, हे मी लिहिणार नाही. निकालही लिहिणार नाही. मला शिवाजी पेठेत पुन्हा जेवायला जायचंय, आणि जाताना वाट मंगळवारातून काढावी लागली तर तिथेही चहा मिळायला हवा.

खेळाचं म्हणाल तर मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ वेगवान आणि पुष्कळ आडदांड. चेंडूपेक्षा नडगीला जास्त लाथा बसल्या. इथे आफ्रिकेतून आलेले खेळाडूही पेठेच्या जर्सीत खेळून गेलेत आणि गॅलरीने त्यांना अस्सल कोल्हापुरीत शिव्या आणि शाबासकी दिली आहे, असं काकांनी सांगितलं. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, त्यात आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. हे वाक्य मला त्या दिवशी चार वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलं, प्रत्येकाने जणू घरातलं पोर असल्यासारखं.

आणि गंमत म्हणजे पेठ एकच असली की सगळं मिटलं असंही नाही. खंडोबा तालीमही शिवाजी पेठेतलीच. तिची आणि शिवाजीची मॅच असते तेव्हा घरात काय होतं, असं मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, “त्या दिवशी आम्ही बाहेर जेवतो.”

मॅच सुटल्यावर पोलिसांनी आधी एक बाजू सोडली, मग दुसरी. आम्ही अर्धा तास त्याच तापलेल्या पायऱ्यांवर. मित्र एकदाचा उगवला, सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. “तुला एवढंच सांगायचं राहिलं बघ. आमच्यात मॅचच्या दिवशी सोमवारनंतर डायरेक्ट बुधवार येतो.”

दुसऱ्या दिवशी अंबाबाई, पन्हाळा, रंकाळा, सगळं झालं. गर्दी होती, फोटो आहेत. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्यायलो, कोमट आणि फेसाळ. लोक यावर कविता करतात. मला चालत्या गाडीत गरम टॉवेल तोंडावर टाकल्यासारखं झालं. अर्धा ग्लास मित्राला दिला, त्याने वहिनींसमोर माझी इज्जत काढली.

निघायच्या आधी एक झालं होतं ते सांगायचं राहिलं. पोलिसांनी आमची बाजू सोडली तेव्हा काकांनी माझा नंबर मागितला. कशाला ते सांगितलं नाही. चष्मा कपाळावर, एकेक आकडा मोठ्याने म्हणत त्यांनी तो मोबाईलमध्ये घातला आणि नाव विचारलंच नाही. काय म्हणून सेव्ह करताय, असं विचारलं तर मोबाईल पिशवीत गुंडाळत म्हणाले, “मंगळवार.”

गेल्या रविवारी मी पुण्यात घरी झोपलो होतो. पावणेपाचला फोन वाजला, एकच रिंग, बंद. कोल्हापूरचे काका. उलट फोन करायला बोट गेलं होतं, पण ठेवून दिला. बोलायचं नसतं.