पळीभर तेल

शाळेच्या महोत्सवाचं पत्र आलं, आठवणी लिहा आणि निधी द्या म्हणून, आणि आधी आठवले ते सर. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत इतिहास शिकलेल्या कुणाला ते विचारावं लागणार नाही. बाकीचे गुरुजन रागावले तर रागावोत.

सहल दरवर्षी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीलाच. धबधबा पाहून झाला, माकडांनी डबे पळवले, की सर आम्हाला शिलालेखापाशी बसवायचे. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला काढलेला मठ, निकुंभ राजांनी त्याला दिलेलं दान, शके ११२८. वरचं संस्कृत ते भराभर उरकायचे आणि शेवटच्या जुन्या मराठी ओळींवर रेंगाळायचे. गावात जितके घाणे चालतील तितक्यांनी मठाला पळी-पळी तेल द्यायचं, धान्य मठाच्या मापानं मोजायचं. "राजाचं नाव पेपरात लिहा, माप बाजारात बघा," म्हणायचे.

नववीतल्या सहलीहून परतलो तेव्हा फाट्यावर व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता, कापसाचं मोजमाप चाललं होतं. गाठोडी आमच्या वर्गातल्या एकीच्या वडिलांची. सरांनी किराणा दुकानातून पाच किलोचं वजन आणवलं आणि व्यापाऱ्याच्या ताणकाट्याला अडकवलं. काटा साडेचारावर थांबला.

व्यापारी हसला. मैत्रिणीचे वडीलच घाबरले. "जाऊ द्या सर, वैर कसाले?"

"वैर नही भाऊ, माप शे," सर म्हणाले.

सर मूळचे खानदेशातले नव्हेत, पण त्या दिवशी त्यांची अहिराणी अस्सल वाटली. सगळी गाठोडी पुन्हा मोजून होईपर्यंत ते हलले नाहीत. अंधार पडला, आम्ही भुकेनं कळवळलो, घरचे कंदील घेऊन शोधायला आले. पैसे मिळाले. पुढे सरांविरुद्ध तक्रार झाली म्हणतात. वर्गात त्यांनी तो विषय काढला नाही.

मी आज दिवाणी न्यायालयात वकिली करते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, झोका खेळते, मांडे खाते आणि जाताना तिच्यापुढे हक्कसोडाचा कागद येतो. 'सही कर, माहेर तुटू नये.' मुलींचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क आपल्या राज्यानं १९९४ सालीच मान्य केला, देशानं २००५ साली. तरी सातबारावर भावांचीच नावं. मी भावांनाही समोर बसवते. बहीण कोर्टात गेली म्हणून घर मोडतं असं मला वाटत नाही, तिचा वाटा गिळला म्हणून मोडतं. निम्म्या वेळा प्रकरण तडजोडीवर मिटतं. स्वखुशीनं सोडणारी सोडते, पण कागद वाचून. फी द्यायला त्या कचरतात तेव्हा मी पळीभर तेल मागते. त्यांना कळत नाही, हसतात.

शाळेची नवी इमारत देखणी आहे, लिफ्टसुद्धा आहे म्हणे. पण सहल आता वॉटर पार्कला जाते, असं भाची सांगते. तिला अहिराणी समजते, बोलता येत नाही. घरात बोलू देत नाहीत. चाळीसगाव तालुक्यात वाढलेल्या मुलीनं पाटणा पाहिलेलं नाही, याचा मला राग येतो.

म्हणून महोत्सव निधीचा माझा धनादेश सोबत जोडला आहे. मुख्याध्यापकांना विनंती, तो कमानीवर खर्चू नये. नववीच्या मुलांना पाटणादेवीला न्यावं, आणि बसचं भाडं कमी पडलं तर मला फोन करावा.