तुम्ही विचारलंत म्हणून: ही लेन्स काढून का टाकत नाही?

लग्नाच्या कामाला सोबत येणारी मुलं कधी ना कधी विचारतातच: "दादा, हिच्या फोकसचा एवढा त्रास आहे, तर काढून का टाकत नाही?" ही म्हणजे माझी २४-७० मिमी, एफ/२.८ झूम: २४ ला दृश्य रुंद, ७० ला जवळ ओढलेलं; आणि एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड (अॅपर्चर) जास्त उघडं, उजेड जास्त, पण शार्प पट्टा अरुंद. मुहूर्ताच्या घाईत नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर.

माझी लेन्स चुकते, पण दर वेळी त्याच दिशेने आणि तेवढंच चुकते. ७० ला जवळून चेहरा टिपला की फोकस डोळ्याच्या थोडा अलीकडे पडतो, २४ ला किंचित पलीकडे. माझा कॅमेरा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला. त्यात फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, खाली तळाशी. मुख्य आरशामागचा छोटा आरसा त्याच्याकडे प्रकाश पाठवतो. फोटो उमटतो तो दुसऱ्याच सेन्सरवर. या दोन वाटांत केसभर फरक असला आणि त्यात लेन्सचा स्वतःचा फरक मिसळला, की एफ/२.८ ला तो उघडा पडतो. फुल फ्रेमवर (म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ७० मिमीला, दीड मीटरवरून, सगळा मिळून जेमतेम ७-८ सेंटीमीटरचा पट्टा शार्प येतो.

आता सदाशिव पेठेतलं एखादं जुनं कार्यालय डोळ्यांसमोर आणा. पिवळे दिवे, बोहल्याभोवती नातेवाइकांचं कडं, आणि नवरीच्या कपाळाला बांधलेल्या मुंडावळ्या. बाजूने फोटो घ्यायला गेलं की अलीकडची मुंडावळी गालावर लोंबत असते आणि डोळा तिच्या मागे. पांढऱ्या मोत्यांचा कॉन्ट्रास्ट पापण्यांपेक्षा कितीतरी जास्त, आणि फोकस पॉइंट प्रत्यक्षात व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनापेक्षा मोठा असतो. कॅमेरा मोती पकडतो. त्यात माझी लेन्स आधीच अलीकडे ओढणारी, म्हणजे डोळा हमखास गेला. म्हणून मी पॉइंट दोन भुवयांच्या मध्ये, कुंकवावर ठेवतो. तिथे मोती आड येत नाहीत आणि कुंकवाची कड फोकसला चांगली सापडते.

अंतरपाट दूर होतानाचा फोटो तर आधी ठरवूनच घ्यावा लागतो. शेवटची मंगलाष्टक सुरू झाली की मी नवरदेवावर फोकस घेतो आणि बॅक बटनावरून (कॅमेऱ्यामागच्या, दाबलं तरच फोकस चालणाऱ्या बटनावरून) अंगठा उचलतो. "सावधान" झालं की लेन्ससमोरून अक्षता उडतात. तेव्हा फोकस चालू ठेवला, तर तो त्या तांदळाच्या मागे पळत सुटतो.

कॅमेऱ्यात दुरुस्ती आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे: मेन्यूत एक आकडा देऊन फोकस ठरावीक अंतराने पुढे-मागे सरकवता येतो. काही बॉडींमध्ये (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांत) वाइड आणि टेली, म्हणजे माझ्या लेन्सच्या २४ आणि ७० या दोन्ही टोकांना वेगळा आकडा देता येतो. माझ्या बॉडीत लेन्सला एकच. मी तो ७० च्या बाजूने लावला आहे. २४ ला, दोन मीटरवरून, एफ/२.८ लाही सव्वा मीटरच्या आसपास पट्टा शार्प मिळतो, तिथली चूक त्यात सामावते. आकडा काढायला ट्रायपॉड हवाच. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, फोकस घ्यायचा, कारण तिथे मोजमाप थेट फोटोच्या सेन्सरवरून होतं, आणि मग व्ह्यूफाइंडरमधून घेतलेला फोटो त्याच्याशी ताडून पाहायचा. दर वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवायचा, नाहीतर लेन्स जागची हलतच नाही आणि चाचणी फसवते.

या आकड्याने न सुटणारी गोष्ट म्हणजे फोकसच्या पातळीचा बाक: शार्प येणारा पट्टा सपाट नसतो, वाकलेला असतो. माझ्या लेन्समध्ये २४ ला ही पातळी कडांकडे कॅमेऱ्याच्या दिशेने वळते. सगळं घराणं सरळ रांगेत उभं केलं तर मधले आजी-आजोबा स्पष्ट येतात आणि टोकाच्या मावश्या मऊ पडतात. एफ/५.६ ला बरंच सावरतं. पण संध्याकाळी उजेड नसतो, तेव्हा मी टोकाच्या मंडळींना अर्धं पाऊल पुढे घेतो. फोटोत ते कळतही नाही.

आणखी एक, हे मात्र मी मुलांना बजावून सांगतो: ७० ला फोकस घेऊन २४ ला मागे यायचं नाही. फोटोच्या बहुतेक झूममध्ये झूम फिरवला की फोकस सरकतो. आधी फ्रेम, मग फोकस.

एवढं सांभाळून ती मला काय देते? बोहल्यापासून पंगतीपर्यंत लेन्स न बदलता एफ/२.८. शिवाय ऑटोफोकस पूर्ण उघड्या अॅपर्चरवरच मोजला जातो, त्यामुळे एफ/८ ला फोटो घेतानाही त्या उजेडाचा फायदा मिळतो, आणि मधला एफ/२.८ चा बारकाईने मोजणारा पॉइंट हिच्यासारख्या एवढ्या उघड्या लेन्ससोबतच कामाला येतो. मिररलेस (आरसा नसलेला, फोटोच्याच सेन्सरवरून फोकस मोजणारा कॅमेरा) घेतला तर पुढे-मागे पडण्याचा हा त्रास जवळजवळ संपेल, मान्य. पण कडांचा बाक लेन्सच्या काचांत आहे, तो तिथेही येईल.

त्याच ट्रायपॉडवर, त्याच उजेडात ती कधी अलीकडे, कधी पलीकडे पडू लागली, तर मात्र मी त्याच दिवशी दुरुस्तीला टाकेन. जुनी लेन्स घ्यायला जाताना तुम्हीही हेच बघा, आणि दुकानाच्या कॅमेऱ्यावर नाही, स्वतःच्या बॉडीवर लावून बघा.