आमची वाटचाल: फॉर्मातला सातवा रकाना

2017 साली, शहर अजून औरंगाबाद होतं तेव्हा, सिडकोतल्या एका खोलीत आम्ही दोघी मैत्रिणींनी गुप्त ग्राहक पाठवायचं काम सुरू केलं. कंपनीला आपल्याच शोरूमची परीक्षा घ्यायची असते. आमचा माणूस गिऱ्हाईक बनून जातो, चौकशी करतो आणि त्याच दिवशी फॉर्म भरून देतो. "म्हणजे हेरगिरीच की गं," आई म्हणाली. सुरुवातीला बिलाचे पैसे तीन-तीन महिने यायचे नाहीत. ते दिवस आठवायलाच नकोत.

लातूरच्या एक निवृत्त बाई आमच्यासाठी काम करतात. आम्ही त्यांना काकू म्हणतो. एकदा त्यांना स्कूटरची चौकशी करायला धाडलं. सेल्समन पोरगा विशीतला. किंमत सांगायच्या आधीच त्यानं टॅब पुढं केला. "काकू, मोबाईल नंबर?"

"आधी किंमत सांग बाळा."

"नंबर टाकल्याबिगर स्क्रीन पुढंच जाईना."

काकूंनी नंबर दिला. मग पॅन कार्ड. "लोन बसतंय का बघायलो फक्त." तेवढ्यात फोनवर ओटीपी आला. काकूंनी शांतपणे चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, "मला बिनचष्म्याचं दिसत नाही रे," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. तीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकल्यात त्यांनी!

पुढचे पंधरा दिवस काकूंना फोनच फोन. एक तर विम्यावाल्याचा, जिथं त्या कधी गेल्याच नव्हत्या.

रागानं मी त्या पोराला शून्य द्यायला बसले, तर सातवा रकाना समोर आला: 'ग्राहकाचा नंबर घेतला का? 10 गुण.' फॉर्म आम्हीच बनवलेला. पोरगा बिचारा आमच्याच गुणांसाठी झटत होता.

पुढं मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना बजावलं, बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती नको. ऑगस्टमध्ये डेटा संरक्षणाचा कायदाही आला. ते कागद घेऊन मी कंपन्यांकडे गेले. एक साहेब म्हणाले, "मॅडम, नंबर नाही तर धंदा कसा?" ते काम सुटलं. दुसऱ्यांनी ऐकलं. आता सातव्या रकान्यात असतं, 'नाही म्हटल्यावर परत किती वेळा मागितला?' आणि प्रत्येक वेळेचे गुण वजा.

आमच्या माणसांना नंबर ऑफिसचाच द्यायचा. पॅन, आधार, ओटीपी अजिबात नाही. त्यापायी पाहणी अर्धी राहिली तरी मानधन पूर्ण.

ऑफिसचे ते तीन कीपॅड फोन ड्रॉवरमध्ये दिवसभर गुरगुरत असतात. मैत्रीण चहा पिता पिता कोणत्या शोरूमचा कितवा फोन ते वहीत मांडते. त्या नोंदीचं बिल आम्ही वेगळं लावतो.