तुरटीचा टोनर करून बघितला, त्याची गोष्ट

तुरटी चेहऱ्याला रोज लावली तर चालते का असं परवा परत एकाने विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो, कारण हा उद्योग मी आधीच करून बसलोय.

दाढी झाली की तुरटीचा खडा ओला करून फिरवायचा, हे मी कैक वर्षं करतोय. ब्लेड लागलेलं असेल तिथे झणझणतं पण बारीकसं रक्त थांबतं. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट, त्यातलं ॲल्युमिनियम प्रथिनांना साकळवतं आणि वरवरची कातडी आकसते. चुकून जिभेला लागली की तोंड कसं आवळून येतं, तेच गालावर होतं. तुरट आणि तुरटी, नावातच सगळं आलं म्हणा ना.

इथवर ठीक होतं. मग कुठेतरी वाचलं की याने पोअर्स, म्हणजे त्वचेवरची बारीक छिद्रं, बंद होतात, झालं, पूड पाण्यात विरघळवून बाटली भरली आणि सकाळ-संध्याकाळ कापसाने चेहऱ्यावर. चार दिवस त्वचा अशी टाईट की मीच आरशात खूश, आणि दुसऱ्या आठवड्यात नाकाच्या बाजूने सालं निघायला लागली, साधं मॉइश्चरायझर लावलं तरी आग. होणारच होतं. तुरटीचं पाणी चांगलंच आम्लधर्मी असतं, पीएच (जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 3 ते 3.5, आणि आपल्या त्वचेचा 5 च्या आसपास. बरं, पोअर्सना काही दारं नसतात बंद व्हायला, थोडा वेळ आकसल्यासारखी दिसतात एवढंच. पिंपल वरून सुकतो, आतला अडकलेला मळ तिथेच. आणि गोरं होणं, केस कायमचे जाणं वगैरे तर सोडूनच द्या.

तुरटी भाजून केलेली लाही तर चेहऱ्याला नकोच. तुरटीच्या वजनात जवळजवळ 45 टक्के पाणी असतं, ते उडवून टाकलेली पूड मिळेल तिथून ओल ओढते, म्हणजे तुमच्या त्वचेतून.

काखेसाठी मात्र मला खडा आवडतो. वास घामाचा नसतो, घामावर जगणाऱ्या बॅक्टेरियांचा असतो आणि तुरटी त्यांना वाढू देत नाही. घाम येतोच, कपडे ओले होतातच. या खड्यांवर कधीकधी ‘ॲल्युमिनियम फ्री’ छापलेलं असतं ते वाचून हसू येतं, अहो ती ॲल्युमिनियमशिवाय तुरटीच कशी होईल! कॅन्सरची भीती बरेच जण घालतात, पण काखेत लावलेल्या ॲल्युमिनियमने तो होतो असं संशोधनात ठोस काही निघालेलं नाही. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच, कारण शरीरातलं ॲल्युमिनियम किडनीच बाहेर टाकते. एक्झिमा किंवा सोललेल्या कातडीवर तर लावूच नका, काखेतले केस काढल्या काढल्या पण नको.

आता माझं एवढंच असतं, ओला खडा एकदा फिरवायचा, अर्ध्या मिनिटात गार पाण्याने धुवायचं, वर मॉइश्चरायझर. खडा धुऊन कोरडा ठेवायचा. पूर्वी मी आणि भाऊ एकच खडा वापरायचो, कापलेल्या जागी फिरवलेला, एकाचं रक्त दुसऱ्याला, आणि आम्हाला त्यात काही वाटायचंही नाही. टोनरची बाटली बेसिनमध्ये ओतली त्याच दिवशी मोठा खडा फोडून दोन केले.